सातबारा संगणकावर गेला, तेव्हा चावडीवरच्या बोलण्याचे काय झाले?

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांवर काही नावांपुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे दिसतात. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा त्यांचा अर्थ. वडील वारल्यावर सगळ्या भावंडांची नावे लावण्याऐवजी थोरल्याचे नाव कुटुंबाचा कर्ता म्हणून लावले जाई आणि बाकीच्यांचा हक्क या तीन अक्षरांत गृहीत धरलेला असे. कागदावर एकच नाव असले तरी जमीन किती जणांची आहे हे तलाठ्याला ठाऊक असे, पोलीस पाटलाला ठाऊक असे आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यालाही ठाऊक असे. नोंदीचा काही भाग कागदावर होता आणि उरलेला भाग गावाच्या तोंडी होता. ही तीन अक्षरे एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना गळली, तर कर्ता म्हणून लागलेला थोरला भाऊ एकटाच मालक दिसू लागतो आणि बाकीची भावंडे कागदावरून नाहीशी होतात.

कोणत्याही संस्थेत नवी संगणक प्रणाली आली की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. ती नीट चालते का, आणि कर्मचाऱ्यांना ती वापरता येते का? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो फार क्वचित विचारला जातो. या कामाच्या आसपास माणसे आजवर एकमेकांना जे विचारत होती, सांगत होती, निरोप धाडत होती, त्या बोलण्यातून नेमके कोणते काम होत होते आणि यापुढे ते कोण करणार आहे? बँक, रुग्णालय, कारखाना, शाळा यांपैकी कोठलेही उदाहरण घेता आले असते. मी सातबारा घेतला, कारण मराठी घरांपैकी फार मोठ्या संख्येच्या घरांचा त्याच्याशी संबंध येतो आणि महसूल खात्यात बोलणे व नोंद यांचे नाते कायद्यातच लिहिलेले सापडते.

थोडी ओळख करून घेऊ. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, आकार (म्हणजे शेतसारा) किती आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे हे असते. बारामध्ये त्या वर्षी कोणते पीक होते हे असते. सातमधले नाव थेट बदलता येत नाही. आधी गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, तिच्यात नोंद धरायची, ती मंजूर झाली की मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर द्यायचा. हस्तलिखित उताऱ्यात ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. त्यामुळे जुना उतारा हातात घेतला की कंसातली नावे आणि त्यांच्या शेजारचे फेरफार क्रमांक यांच्यावरून तीन पिढ्यांचा इतिहास वाचता येतो.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची आहे. तिचे कलम १४९ असे सांगते की ज्याला वारसाने, खरेदीने, वाटणीने किंवा अन्य मार्गाने जमिनीत हक्क मिळाला, त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तसे ‘तोंडी किंवा लेखी’ कळवावे, आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच लगेच द्यावी. यातला ‘तोंडी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. लिहिता न येणारा माणूस तलाठ्यासमोर उभा राहून “माझा बाप गेला, आम्ही तिघे भाऊ आणि दोघी बहिणी” एवढे बोलला, तरी ते कायद्याने पुरेसे होते. बोललेल्याची नोंद करण्याचे काम राज्याचे होते. पुढचे कलम १५० सांगते की फेरफार धरल्यावर त्याची प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि ज्यांचा संबंध आहे असे अभिलेखावरून दिसते त्या सगळ्यांना लेखी कळवावे. कोणाची हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत घेऊन पोच द्यावी. नाही आली तर मंडळ अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत सर्कल, चौकशी करून नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित नोंद, तिच्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, कलम १५७ नुसार खरी मानली जाते. एवढे वजन असलेल्या नोंदीच्या आधी सांगणे, ऐकणे आणि हरकत घेणे यांना जागा ठेवलेली होती, ती उगाच नव्हे.

चावडीत लावलेला कागद प्रत्यक्षात कसा काम करी, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ज्याच्यासाठी तो लावला असे तो माणूस बहुधा चावडीत येतच नसे. येत ते दाखल्यासाठी, शेतसारा भरायला किंवा नुसते बसायला आलेले लोक. त्यांच्यापैकी कोणीतरी कागद वाची आणि संध्याकाळी पारावर बोले, “अरे, तुमच्या चुलत्यानं वाटणीची नोंद घातलीय, तुला माहीत हाय का?” कोतवाल नोटीस घेऊन घरी जाई, घर बंद असले तर शेजारी विचारी, शेजारीण सांगे की ते लेकीकडे मुंबईला गेलेत, थोरल्या जावयाला फोन करा. नोटिशीवरचा पत्ता चुकीचा असला तरी निरोप पोहोचे, कारण निरोप पत्त्यावर जात नव्हता, माणसावर जात होता.

हे सगळे सुरळीत होते असे मी म्हणत नाही. हस्तलिखित दफ्तराच्या काळात नोंदवहीची पाने फाटत, आकडे गिरवले जात, पाठीमागच्या तारखेच्या नोंदी होत आणि एका उताऱ्यासाठी माणसाला चार खेपा घालाव्या लागत. संगणकीकरणाने यातले बरेच थांबवले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आज तो पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो आणि त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीत आपोआप येते; पक्षकाराने दस्त घेऊन तलाठ्याच्या मागे फिरण्याची गरज उरत नाही. नोटिशीची मुदत संपण्याआधी नोंद प्रमाणित करून टाकण्याची घाई पूर्वी एखाद्याच्या दबावाखाली होऊ शकत असे. प्रणालीत तारखा बांधलेल्या असल्यामुळे ते अवघड झाले. राज्यभरातले सुमारे अडीच कोटी सातबारे एका साच्यात आणणे हे लहान काम नव्हते, आणि तलाठ्यांनी ते रात्री जागून, अनेकदा स्वतःच्या लॅपटॉपवर आणि स्वतःच्या इंटरनेटवर केले आहे, हे विसरता कामा नये.

तरीही बोलण्याच्या जागा बदलल्या, आणि त्यातली सर्वांत मोठी बदललेली जागा म्हणजे खुद्द चावडी. फेरफाराच्या नोटिसा आता ‘आपली चावडी’ नावाच्या संकेतस्थळावर दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावातले प्रलंबित फेरफार, त्यांचा प्रकार आणि हरकतीची मुदत समोर येते. नाव फार समर्पक निवडले आहे. पुण्यात, सुरतेत किंवा दुबईत राहणाऱ्या खातेदाराला गावची चावडी कधीच दिसत नव्हती. ती आता दिसू शकते. परंतु मूळ चावडीत रिकामटेकडा माणूस येऊन बसत असे आणि तोच कागदावरची बातमी योग्य कानापर्यंत नेत असे. संकेतस्थळावर असा कोणी येऊन बसत नाही. तेथे ज्याला आधीच संशय आहे तोच जातो. ज्याला काहीच ठाऊक नाही, आणि नोटिशीची खरी गरज ज्याला आहे, तो तेथे पोहोचत नाही. जुन्या व्यवस्थेत माहिती चालत माणसाकडे येई, नव्या व्यवस्थेत माणसाने माहितीकडे चालत जावे लागते. प्रणाली आखणाऱ्यांनी कागद संकेतस्थळावर नेला. कागदाच्या भोवती बसणारी माणसे आराखड्यात कोठे दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे ती न्यायची राहिली.

आमच्या घरातला अनुभव सांगतो. आजोबा वारल्यावर मामांनी सेवा केंद्रात बसून वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन भरला. केंद्रातल्या मुलाने विचारले, “बहिणीचं नाव?” मामांनी आईचे नाव सांगितले. मुलाने जुन्या शिधापत्रिकेवर होते तसे, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव जोडून ते टंकले. पत्त्याच्या रकान्यात गावचाच पत्ता गेला. नोटीस त्याच पत्त्यावर आली, ती मामांनी सही करून घेतली, मुदतीत हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. आईचे लग्न होऊन चाळीस वर्षे झाली आहेत, तिचे आधार, पॅन, बँकेचे खाते, सगळे सासरच्या नावाने आहे. शेतकरी ओळखपत्र काढायची वेळ आली तेव्हा सातबाऱ्यावरची बाई आणि आधारवरची बाई एकच आहे हे प्रणाली मानेना. मग कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा आणि तहसील कार्यालयाच्या खेपा असे तीन-चार महिने गेले.

या प्रकरणात चूक कोणाची, याचा मी बराच विचार केला. मामांनी विचारले तेवढे खरे सांगितले. केंद्रातल्या मुलाने कागदावर होते तेच भरले. तलाठ्याने आलेला अर्ज कागदपत्रांशी ताडून पाहिला आणि सर्कलने मुदत पाळली. प्रत्येकाने आपला रकाना बरोबर भरला आणि तरीही नोंद निरुपयोगी झाली, कारण या चौघांत रकान्यापलीकडचे बोलणे झालेच नव्हते. दुरुस्तीच्या वेळी गावच्या जुन्या, आता निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांची, म्हणजे तलाठ्यांची, गाठ पडली. ते म्हणाले, “आम्ही वारस लावताना आधी विचारायचो, लेकी कुठं दिल्यात, सासरची नावं काय. ते विचारल्याबिगर पेन उघडत नव्हतो. आता अर्ज भरूनच येतो, विचारायचं कुणाला?” त्यांचा हा प्रश्न ‘लेकी कुठं दिल्यात’ कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता. तो कामाच्या सवयीत होता. अर्जाचा नमुना तयार करताना नियमांतले सगळे मुद्दे रकान्यांत आले. सवयीतला हा प्रश्न बाहेर राहिला.

हाच धडा जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२पर्यंत मदतीचा फोन आला की नियंत्रण कक्षातला माणूस तपशील कागदाच्या फॉर्मवर लिही. तो कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई, त्या-त्या भागाचा जाणकार कर्मचारी तो हातात घेई, कोणती गाडी कोठे आहे याचा अंदाज बांधे आणि रेडिओवर किंवा फोनवर चालकाशी बोलून तिला पाठवी. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे काम एका संगणक प्रणालीकडे देण्यात आले. जवळची गाडी संगणकाने निवडायची आणि चालकाने आपण निघालो, पोहोचलो, मोकळे झालो हे गाडीतले बटण दाबून कळवायचे, अशी योजना होती. प्रत्यक्षात धावपळीत बटणे दाबायची राहत, क्रम चुके, कधी चालक नेमून दिलेल्या गाडीऐवजी दुसरीच गाडी नेत. रेडिओवर बोलताना असले घोळ एका वाक्यात मिटत. संगणकाला ते कळेनात. पडद्यावर सूचनांचा ढीग साचला, एकाच ठिकाणी दोन गाड्या गेल्या आणि काही ठिकाणी एकही गेली नाही, वाट पाहून थकलेले लोक पुन्हा फोन करू लागले आणि त्या फोनांनी भार आणखी वाढला. दुसऱ्याच दिवशी अर्धवट जुन्या पद्धतीकडे परतावे लागले, आणि ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्ण बंद पडल्यावर पुन्हा कागद हातात घ्यावा लागला. नंतरच्या चौकशी अहवालातला निष्कर्ष प्रत्येक कार्यालयाने वाचावा असा आहे: पहिल्या दोन दिवसांत संगणक तांत्रिक अर्थाने बिघडलाच नव्हता. त्याला जसे काम करायला सांगितले होते तसेच तो करत होता. चालकांशी होणारे बोलणे हा कामाचाच भाग आहे, हे आखणी करताना धरलेले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मी जुन्या काळाच्या प्रेमात पडून लिहितो आहे असे वाटेल. चावडीवरचे बोलणे सर्वांसाठी सारखे नव्हते. चावडीवर बाया येऊन बसत नसत. ‘बहिणींचं काय विचारायचं, त्या कुठं हिस्सा मागणार’ हे वाक्यही गावच्या तोंडचेच आहे, आणि त्या वाक्याने असंख्य लेकींची नावे नोंदवहीत येण्याआधीच गाळली आहेत. ज्यांना चावडीची पायरी चढायलाच संकोच वाटेल अशी व्यवस्था गावाने केली, त्यांच्या जमिनींच्या नोंदी त्यांच्या पाठीमागे बदलल्या गेल्या. अशा माणसांना संगणकाने खरोखर काही दिले आहे. मोबाइलवर उतारा उघडून आपले नाव आहे की नाही हे कोणालाही न विचारता पाहता येणे, ही ज्याला आजवर विचारण्याची भीती वाटत होती त्याच्यासाठी फार मोठी सोय आहे. त्यामुळे बोलणे चांगले आणि संगणक वाईट अशी विभागणी माझ्या उपयोगाची नाही. कोणते बोलणे चुका पकडत होते आणि कोणते माणसे गाळत होते, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्यासाठी आधी त्या बोलण्याकडे काम म्हणून बघावे लागते.

बोलणे प्रणालीतून काढून टाकले तरी ते थांबत नाही, दुसरी वाट शोधते, हेही महसूल खात्यात दिसते. सॉफ्टवेअरमध्ये एखादी नोंद अडली की तलाठी व्हॉट्सॲपच्या गटात पडद्याचा फोटो टाकतो आणि शेजारच्या तालुक्यातला सहकारी उत्तर देतो. ते उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नसते आणि तो तलाठी बदलून गेला की त्याच्याबरोबर जाते. कामाचा भार वाढला तेव्हा काही ठिकाणी खाजगी मदतनीस टंकायला बसले. गावकरी त्यांना ‘झिरो तलाठी’ म्हणू लागले. डिजिटल स्वाक्षरी कोणाची आहे हे प्रणाली अचूक सांगते, पण तो मजकूर कोणी विचारपूस करून लिहिला आणि कोणी नुसता टंकला, हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची, अशी मुभा मिळाली. पूर्वी तलाठ्याने आगाऊ दवंडी देऊन, शेतकऱ्यांसमक्ष शिवारात फिरून पिके लिहायची असा नियम होता. पुष्कळ ठिकाणी ते बसल्या जागी विचारून होई. नव्या पद्धतीत नोंद शेतकऱ्याच्या हाती आली हे चांगलेच झाले. मात्र ज्या घरात स्मार्टफोन नाही किंवा तो हाताळणारे कोणी नाही, तेथे शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा ही नोंद करून देतो. गावागावांत अशी दोन-चार मुले आहेत आणि पिकांच्या नोंदींचा मोठा भार त्यांच्यावर आहे. प्रणाली सुरू झाली तेव्हा तिच्या आकृतीत त्यांच्यासाठी चौकट नव्हती. मला वाटते ती सुरुवातीपासून असायला हवी होती.

शासनाने स्वतः ही गरज ओळखल्याची दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्ही मला आशादायक वाटतात. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळवण्याचे काम चालू असताना गावोगावी चावडी वाचन झाले. तलाठ्याने संगणकातली नोंद मोठ्याने वाचायची आणि लोकांनी चुका सांगायच्या. पडद्याकडे बघून न सापडलेली चूक ऐकताना सापडते, कारण ऐकणाऱ्याला आपल्या बांधापलीकडचेही ठाऊक असते. दुसरे उदाहरण २०२५च्या एप्रिलमध्ये राज्यभर झालेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचे. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झालेल्या या मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची होती. खातेदार मयत आहे हे संगणक कोठून सांगणार? त्याच्याकडे नाव होते, क्षेत्र होते, आकार होता. पहिले पाऊल म्हणून पुन्हा चावडी वाचनच करावे लागले. नाव वाचायचे आणि समोरून कोणीतरी म्हणायचे, “ते गेले, दिवाळीला चार वर्षं होतील. दोन मुलगे आणि एक लेक, ती नांदेडला दिलीय.”

ही वाचने मोहिमेपुरती न ठेवता नेहमीच्या कामात आणता येतील. राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मागच्या ग्रामसभेपासून धरलेले सगळे फेरफार, क्रमांक आणि नावांसह, तेथे ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे तलाठ्यानेच, वाचून दाखवावेत. महिलांच्या ग्रामसभेतही वाचावेत. एखाद्या नोंदीवर हरकत घेण्याची पंधरा दिवसांची मुदत तोवर उलटलेली असेल, पण प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचे की नाही हे ठरवण्याइतकी माहिती तरी माणसाच्या कानावर गेलेली असेल. आणि वारस नोंदीच्या ऑनलाइन अर्जात प्रत्येक लेकीच्या नावापुढे दोन रकाने वाढवावेत: तिचे आधारवरचे नाव, आणि ती आज जेथे राहते तेथला तिचा स्वतःचा फोन क्रमांक.